लेकीच्या घरचे पाणी

पिठाच्या पिशवीचे तोंड कोंडिबांनी दाभणाने शिवायला घेतले, तेव्हा पुतळाबाईंनी हातातले सूप भुईवर जरा जोरातच ठेवले. पिशवी दुहेरी मांजरपाटाची होती. ज्वारीचे पीठ दाबून भरल्यामुळे ती बाळसेदार पोरासारखी भिंतीला टेकून उभी राहिली होती. कोंडिबा प्रत्येक टाका ओढून पाहत आणि मगच पुढचा घालत.

"तिथं पीठ मिळतं म्हनं," पुतळाबाई म्हणाल्या. "अपेक्षानंच सांगितलंय. ज्वारीचं, बाजरीचं, समदं मिळतं. हितनं वझं कशाला?"

"मिळत आसंल. पन इकत घेनार कोन? तीच. मग ते तिच्या घरचं पीठ झालं."

"आन् तुम्ही झोपनार कुनाच्या घरात?"

"झोपायला मनाई न्हाई. खायाप्यायला हाय."

"मग बाजरीचं तरी घ्यायचं. थंडीचा मुलूख हाय त्यो."

"बाजरीचं पीठ आठ दिसांत कडू व्हतं. एवढं बी कळत न्हाई व्हय तुला?"

"मला लई कळतं," सूप उचलत पुतळाबाई म्हणाल्या. "काय काय कडू व्हतं, ते सुदिक कळतं."

कोंडिबांनी दोरा दातांनी तोडला. बायकोच्या बोलण्यातला दुसरा अर्थ त्यांना समजला नाही असे नव्हे. परंतु ज्या वाक्याला उत्तर नाही त्या वाक्याशी वाद घालू नये, एवढा विवेक त्यांनी पन्नास वर्षांच्या संसारात कमावला होता.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये, हा नेम खुटबावात आता कुणी मानत नव्हते. लोक हडपसरला आणि चाकणला लेकींकडे जात, भरपेट जेवत आणि संध्याकाळच्या गाडीने ढेकर देत परत येत. कोंडिबांचे म्हणणे असे की, नेम मोडणाऱ्यांची संख्या वाढल्याने नेम खोटा ठरत नाही. फक्त माणसे पातळ झाल्याचे सिद्ध होते. त्यांचे वडील, आप्पा, भीमेपलीकडे न्हावऱ्याला दिलेल्या थोरल्या लेकीला भेटायला जात, ते स्वतःची भाकरी फडक्यात बांधून. तिच्या अंगणातल्या लिंबाखाली बसून ती खात, आणि पाणी परतीच्या वाटेवर नदीला पीत. आप्पांची ही गोष्ट कोंडिबांनी अपेक्षाला लहानपणी पुष्कळदा आणि मोठ्या कौतुकाने सांगितली होती.

अपेक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिकून इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन या गावी गेली. तिथेच तिने विश्वजीतशी लग्न केले. विश्वजीत इंदापूरकडचा, जातीचा, चांगल्या घरचा. त्याविषयी कोंडिबांची तक्रार नव्हती. परंतु त्याची पहिली बायको आजारात गेलेली होती आणि तिची दोन मुले होती, वैष्णवी आणि अभिराज. लग्नाला दोन वर्षे झाली, तेव्हा कोंडिबांनी फोनवर लेकीला आडून काही विचारले. तिने आडून उत्तर दिले नाही.

"आबा, मला दोन लेकरं हायेत. तिसरं नको."

"ती तुझी न्हाईत," कोंडिबा म्हणाले होते.

त्यानंतर बरेच दिवस तो फोन पुतळाबाईंच्याच कानाला लागत असे. आणि मग एक दिवस, कुणी काही म्हटले नसताना, कोंडिबांनी आपणहून सांगितले की ते लेकीचे तोंड पाहायला जाणार आहेत. उसाच्या बिलातून त्यांनी तिकीट काढले. लेकीने देऊ केलेले तिकीट घेतले नाही. पुतळाबाईंनी मात्र यायला साफ नकार दिला.

"मी आले तर पयल्याच दिशी तिच्या हातचं जेवनार," त्या म्हणाल्या होत्या. "मग तुम्ही परमुलखात माझ्याशी भांडनार. त्यापरीस तुम्ही एकलेच जा. जाऊन बघा."

आता पिशवी शिवून झाली आणि तीच वेळ साधून शेजारच्या रतनबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"काय आबा, इमानानं नातवंडांकडं निघालाय म्हनं?"

"लेकीकडं."

"त्येच की. लेकीकडं म्हंजी नातवंडांकडंच."

"त्येच न्हाई," कोंडिबा म्हणाले आणि दाभण डबीत ठेवून त्यांनी झाकण लावले.

रतनबाईंना नुकताच नातू झाला होता. नातवंड झाले की गुऱ्हाळावरची गुळाची ढेप आणून आपल्या उंबऱ्यावर फोडायची आणि दारोदार वाटायची, अशी त्या आळीची चाल होती. रतनबाईंनी दिलेला गूळ अजून पुतळाबाईंच्या फडताळात होता. त्याच फडताळात, खालच्या कप्प्यात, धडप्यात गुंडाळलेली एक अख्खी ढेपही होती. पुतळाबाई दर हंगामात एक नवी ढेप तिथे आणून ठेवत आणि आदल्या वर्षीची, काळी पडलेली, स्वयंपाकाला काढत. ती कशासाठी राखली आहे, हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. आणि कोंडिबांनी, ज्यांना प्रत्येक गोष्टीचे कारण लागे, कधी विचारलेही नव्हते.

*

निघण्यापूर्वी थोरल्या बहिणीला भेटून येणे भाग होते. चौफुल्यावरून न्हावऱ्याची एस.टी. धरून कोंडिबा गेले, तेव्हा सिंधूबाई कांद्याच्या चाळीपाशी बसून सडके कांदे निवडत होत्या. ऐंशीला टेकलेली ती बाई अजून नुसता हात लावून आतला कुजका कांदा ओळखत असे.

"आक्का, चाललो मी."

"बस. च्या पी. तुला नेम न्हाई माझ्या घरचा," सिंधूबाई म्हणाल्या आणि हसल्या. "भावाला चालतंय."

सिंधूबाईंना मूल झाले नव्हते. नवऱ्याने दुसरी बायको केली, आणि ती दोन मुलगे मागे ठेवून बाळंतपणात गेली. ती दोन्ही पोरे सिंधूबाईंनी वाढवली. त्यांतला थोरला गोकुळ आता पन्नाशी ओलांडलेला, कांद्याच्या गोण्या मोजून ट्रॅक्टरवर चढवीत होता. त्याने तिथूनच हाक दिली.

"मामा, घोंगडं घ्या बरं का संगट! तिकडं फ्रीजमदी राहिल्यासारखी थंडी आसती म्हंत्यात!"

"घेतलंय!"

"आन् मामीला?"

"ती म्हशी बघती."

"म्हंजी तुमच्यापरीस म्हशी बऱ्या म्हना की!"

गोण्या उचलणारी माणसे हसली. कोंडिबाही हसले. सिंधूबाईंनी कांदा बाजूला टाकला आणि अंगणाकडे पाहत म्हणाल्या,

"आप्पा त्या लिंबाखाली बसायचे. फडकं सोडायचे. आईनं दिल्याली भाकर आन् कांदा. मी आत, चुलीम्होरं. भाकरी मी बी थापल्याल्या आसायच्या."

"नेम व्हता त्यांचा."

"व्हय की. लई पक्का मानूस." त्यांनी दुसरा कांदा घेतला. "ह्यो गोकुळ तवा एवढासा. आप्पा दिसलं की तांब्या भरून घिऊन पळायचा. आज्याला पानी, आज्याला पानी. आप्पा म्हनायचे, ठेव बाळा तिथं. तोंडानं लई ग्वाड. आन् उठून गेले की तांब्या तसाच, काठोकाठ. येकदा मला इचारलं त्यानं, आये, आपलं पानी कडू हाय का गं?"

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगनार? तांब्या झाडाला वतला."

गोण्यांचा हिशेब मोठ्याने चालू होता. कोंडिबांनी चहाची बशी खाली ठेवली. सिंधूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या आणि पितळेचा एक तांब्या घेऊन आल्या. चिंचेने घासून लखलखीत केलेला, एकही पोचा नसलेला.

"ह्योच त्यो. आप्पांसाठी म्हनून शिरूरच्या बाजारातनं घेतला व्हता. घरात दुसऱ्या कुनी वापरला न्हाई. तू ने."

"मी काय करू ह्याचं?"

"तिथं दोन लेकरं हायेत म्हनं. पानी प्यायला लागंल की त्यास्नी."

कोंडिबांनी तांब्या घेतला. उपरण्याच्या टोकाने तो पुसला. वस्तुतः त्यावर पुसण्यासारखे काही नव्हते.

*

आइंडहोव्हनच्या घरी ते पोहोचले, तेव्हा टेबलावर पाने वाढलेली होती. पिठले, भात, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. भाकरी अपेक्षाने स्वतः थापली होती. तिच्या कडा एकसारख्या नव्हत्या, पण पापुद्रा आला होता. चार वर्षांचा अभिराज खुर्चीवर उभा राहून पाहुण्याच्या टोपीकडे पाहत होता. सात वर्षांची वैष्णवी भिंतीला पाठ लावून उभी होती.

कोंडिबांनी हातपाय धुतले. मग खिडकीजवळ जमिनीवर मांडी घालून त्यांनी प्रवासातले फडके सोडले. पुतळाबाईंनी बांधून दिलेली शेवटची भाकरी त्यात होती, कडक झालेली. तिचा तुकडा मोडताना मोठा आवाज झाला.

अपेक्षाने ते पाहिले. मग पाचातले एक ताट उचलून कपाटात ठेवले.

"बरं, आबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीचे टाके उसवले, सोबत आणलेला लोखंडी तवा काढला आणि स्वतःची भाकरी स्वतः करायला उभे राहिले. गुऱ्हाळावर आयुष्य काढलेल्या माणसाला भाकरी थापणे नवे नव्हते. नवी होती ती शेगडी. काळ्या काचेची, जाळ नसलेली. विश्वजीत बाजूला उभा राहून पाहत होता. जावई मोकळा होता आणि त्याला सासऱ्याची गंमत वाटत होती, पण त्या गमतीत उपमर्द नव्हता.

"आबा, शेगडी आमची. तिच्यावर भाजलेलं चालतं का?"

"इस्तू कुनाच्या मालकीचा नसतो, जावईबापू."

"यात विस्तव नाहीच. वीज आहे. आणि विजेचं बिल अपेक्षा भरते."

कोंडिबा थबकले. मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्याला ते नेहमी मान देत. त्यांनी भाकरी उलटली, तिला पाणी फिरवले आणि मग म्हणाले,

"तर मग तुमची भांडी मी घाशीन. बिल फिटलं."

त्या दिवसापासून त्या घरातली भांडी कोंडिबा घासू लागले. भांड्यांचे यंत्र रिकामे पडले. पाण्याचा प्रश्न त्यांनी अधिक विचारपूर्वक सोडवला. घरातल्या नळाचे बिल येते, म्हणून ते पाणी घरचे. जवळच्या बागेत, मुलांच्या घसरगुंडीपाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक नळ होता. त्याचे बिल कुणाच्याच घरी येत नाही, म्हणून ते पाणी गंगेचे. सकाळ-संध्याकाळ ते सिंधूबाईंचा तांब्या आणि दोन बाटल्या घेऊन तिथे जात. शाळा सुटली की मुलेही संगे येत. अभिराजने पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खांद्यावर हक्क सांगितला होता. वैष्णवी मात्र बाजूने, दोन हात अंतर राखून चाले आणि सगळे पाहत असे.

"आजोबा, घरात पाणी आहे," एकदा ती म्हणाली. "तू इथे का येतोस?"

"ह्ये पानी ग्वाड हाय."

तिने नळाला तोंड लावून दोन घोट घेतले, ओठ पुसले.

"सेम आहे," तिने निकाल दिला.

मराठी ती आपल्या आईकडून शिकली होती. म्हणजे त्या आईकडून, जिचा फोटो तिच्या पलंगाच्या उशाशी होता. अपेक्षाला ती "अपेक्षा" म्हणे. अभिराज "आई" म्हणे, कारण त्याला दुसरे काही आठवत नव्हते. अपेक्षा दोन्ही हाकांना सारखीच ओ देई. हे सारे कोंडिबांच्या ध्यानात आले होते, आणि आपल्या म्हणण्याला तो एक पुरावाच आहे असे त्यांना आधी वाटले. पण त्याच पोरीची वेणी घालताना अपेक्षा दातांत रिबीन धरून बसे, आणि पोर मान न हलवता पाढे म्हणे. तेव्हा हा पुरावा नेमका कोणत्या बाजूचा, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ होई. मग ते भांडी घासायला उठत.

थंडी वाढली, तशी पिठाची विरी गेली. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो आणि भाकरी हाताखाली फाटू लागते. उकळत्या पाण्यात मळले तरी फाटते. एका रविवारी कोंडिबांची तिसरी भाकरी तव्यावर नेताना मोडली, तेव्हा दारात उभी असलेली अपेक्षा पुढे आली.

"आबा, मी थापू? पीठ तुमचं, तवा तुमचा. हात तेवढा माझा."

"नगं."

"तुम्हीच दिलेला हात हाय, आबा."

कोंडिबांनी मोडके तुकडे तव्यावर जुळवले. ती गेली नाही.

"आप्पांची गोष्ट तुम्ही मला किती येळा सांगितली. लिंबाखाली बसायचे, फडकं सोडायचे. मी दर येळेस इचारायचे, तवा सिंधूआत्या काय करायची? तुम्ही म्हनायचा, काय करनार, आत आसायची." तिचा आवाज चढला नव्हता. "मी आता आत आसते, आबा. तुम्ही तिकडं खिडकीपाशी बसता, तवा मी हितं आसते."

उत्तर देण्यासारखे कोंडिबांपाशी पुष्कळ होते. नेम हा माणसावर रुसून धरलेला नसतो. तो लेकीच्या घरावर भार पडू नये म्हणून असतो. आणि एकाच्या सोयीसाठी तो वाकवला तर तो नेम राहत नाही. ही तिन्ही वाक्ये त्यांनी मनात नीट रचली. मग तव्यावरचे तुकडे उलटले.

त्या संध्याकाळी मुलांच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आतून वैष्णवीचा आवाज आला.

"आम्ही तुझे नाही, म्हणून आजोबा आपल्याकडे जेवत नाही का?"

"असं कुणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला कळतं."

"आजोबांचा नेम आहे बाळा."

"नेम म्हणजे?"

"म्हणजे... ठरवलेलं असतं. पूर्वीपासून."

"कोणी?"

अपेक्षाने काय सांगितले, ते बाहेर ऐकू आले नाही. कोंडिबा तिथून हलले, आणि नंतर बराच वेळ त्यांनी एकच पातेले घासले.

*

बागेतला नळ बंद झाला तो दिवस वाऱ्याचा होता. कोंडिबा पोहोचले तेव्हा नळाच्या तोटीवर कुणी जाड निळी टोपी बसवून कुलूप लावले होते. पाणी गोठून नळ फुटू नये म्हणून इथे हिवाळाभर असे नळ बंद ठेवतात, हे त्यांना एका कुत्रे फिरवणाऱ्या म्हाताऱ्याने खाणाखुणांनी समजावले. स्टेशनापाशी दुसरा नळ होता. कोंडिबा तिकडे चालत गेले. तोही बंद होता. मध्येच पाऊस आला, बारीक आणि आडवा. ते परतले तेव्हा घोंगडे भिजून जड झाले होते, बाटल्या रिकाम्या होत्या आणि तांब्यात पावसाचे चार थेंब होते.

घरी विश्वजीत वरच्या खोलीत कामाच्या फोनवर होता. अपेक्षा अजून यायची होती. अभिराज जमिनीवर आगगाडी जुळवीत होता. कोंडिबांनी रिकामा तांब्या खिडकीपाशी, आपल्या नेहमीच्या जागी ठेवला आणि ओले कपडे बदलायला आत गेले. घसा कोरडा पडला होता. उद्या विश्वजीतला विचारून कुठे विहीर, नदी काही आहे का ते पाहावे, असे ते मनाशी ठरवीत होते.

बाहेर आले, तो तांब्या भरलेला होता. काठोकाठ. जमिनीवर स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत पाण्याचे थेंब सांडत आले होते, आणि त्या ओळीच्या शेवटी वैष्णवी उभी होती. तिची एक बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"कुनी भरला?"

"मी."

"कुठनं?"

तिने बोटाने स्वयंपाकघरातला नळ दाखवला. खोटे बोलावे असे तिला वाटले नव्हते. काही क्षण ती वाट पाहत राहिली. मग, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखी, पुढे झाली.

"नको असेल तर राहू दे. मी झाडाला घालते."

तिने तांब्याला हात घातला. त्याच क्षणी कोंडिबांचा हात त्यावर पडला.

"थांब."

पोरीने हात मागे घेतला. कोंडिबा खाली बसले, मांडी घालून, जसे ते जेवायला बसत. तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. पाणी थंड होते, दातांना झोंबत होते. त्यांनी मध्ये श्वास घेतला नाही. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली, थोडे पाणी मिशीवरून सदऱ्यावर ओघळले, आणि तांब्याचा तळ दिसल्यावरच त्यांनी तो खाली केला.

वैष्णवी पाहत होती.

कोंडिबांनी रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला.

"आजून आन," ते म्हणाले.

अपेक्षा घरी आली, तेव्हा लोखंडी तवा धुऊन पुसून खिळ्याला अडकवलेला होता. कोंडिबा टेबलापाशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या एका बाजूला अभिराज, दुसऱ्या बाजूला वैष्णवी, आणि तिघांच्याही पुढे रिकामी ताटे. ती दारातच उभी राहिली. खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"उशीर किती!" कोंडिबा म्हणाले. "लेकरं उपाशी हायेत. आन् मी बी."

"भाकरी थापू?" तिने विचारले.

"भाकरीचं ऱ्हाऊ दे. कालवन काय हाय, त्ये सांग आदी."

*

खुटबावात कोंडिबा परतले ते सकाळच्या उन्हात. पुतळाबाईंनी पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग ओसरीवरची बॅग उघडली. मुलांची चित्रे, चॉकलेटचे डबे, अपेक्षाने दिलेला स्वेटर. तळाशी हात घातल्यावर मांजरपाटाची पिशवी लागली. ती त्यांनी ओढून पाहिली, आणि ओढता ओढता थांबल्या. पिशवी जड होती.

"पीठ उरलं?"

"विरी गेली त्याची. आंबोनात कालवून म्हशीला घाल."

पुतळाबाईंनी पिशवीच्या तोंडाला बांधलेली सुतळी पाहिली. पिशवीवरून दोन्ही हात फिरवले. निम्म्याहून अधिक पीठ तसेच होते.

"मग तिथं काय उपास केलं?"

"उपास कशाला?"

पुतळाबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. पदराने डोळे नव्हे, कपाळ पुसले. मग बॅगेत पुन्हा पाहत म्हणाल्या, "आन् आक्कांचा तांब्या?"

"ठेवला तिथं. वैष्णवीला लागतो." कोंडिबा उठले. "ढेप कुठं हाय?"

"कंची?"

"तुला ठाव हाय कंची."

फडताळाच्या खालच्या कप्प्यातून धडप्यातली ढेप बाहेर आली. कोंडिबांनी ती उंबऱ्यावर ठेवली आणि वरवंट्याचा पहिला घाव घातला. आवाज ऐकून रतनबाई भांडे हातात घेऊनच आल्या.

"आबा, आलात व्हय! आन् ह्यो गूळ कशाचा?"

"अपेक्षाला लेकरं झाली."

"आगं बया! कवा? पुतळे, आम्हाला पत्ताच न्हाई कुनाला! पोरगी का पोरगा?"

"दोन हायेत. थोरली साताची, धाकटा चाराचा."

गुळासाठी पुढे आलेला रतनबाईंचा हात मध्येच थांबला. त्यांनी पुतळाबाईंकडे पाहिले. पुतळाबाई उंबऱ्यावर विखुरलेले गुळाचे खडे एकाग्रपणे वेचत होत्या. आळीत दोघीतिघी आणखी गोळा झाल्या होत्या. कोंडिबांनी हात मागे घेतला नाही. गुळाचा खडा त्यांच्या तळव्यावर तसाच राहिला. नांगर अडला तरी हा गडी तास सोडत नाही, हे त्या आळीला चांगले माहीत होते.

"घ्या वयनी," ते म्हणाले. "जपून. खडा मोठा हाय."

रतनबाईंनी पदर पुढे केला.

"घेते की. पन बारसं बुडीवलं आबा तुम्ही. जेवान सोडनार न्हाई मी."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत येनार हायेत. तवा या जेवायला."

मग सगळ्यांनीच हात पुढे केले. ढेप भराभर संपत गेली. निम्मी उरली, तेव्हा कोंडिबांनी त्यातला सर्वांत मोठा तुकडा बाजूला काढला, धडप्यात ठेवून चारी टोके गाठवली आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली.

"आता हे कुठं? अजून आंगूळ न्हाई, च्या न्हाई," पुतळाबाई म्हणाल्या. "आन् त्यो गूळ कुनाचा?"

"न्हावऱ्याचा. चौफुल्याला गाडी घावंल आत्ता."

"न्हावऱ्याला काय झालं? गोकुळला नातू झाला का?"

"न्हाई," पायांत वहाणा सरकवत कोंडिबा म्हणाले. "गोकुळ झाला, त्याचा ऱ्हायलाय."